कासारणीचा शब्द

माल खपवायला ढोल बडवण्याची रीत होती, तेव्हाची ही गोष्ट. एका पेठेत एक कासारीण राहायची. दिवाळी जवळ आली की घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरायची. बांगडी चढवताना हात दुखतो, म्हणून ती समोरचीला बोलण्यात गुंतवून ठेवायची. आणि चौकशीची तर तिला इतकी हौस, की कुणाच्या घरी काय शिजलं हेही ती विचारून घ्यायची.

त्या वर्षी एका व्यापाऱ्याने पेठेत तेलाचं नवं दुकान थाटलं. फराळाच्या दिवसांत तेलाला मरण नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने आधी ढोलवाला फिरवला. मग दारावर भलामोठा रंगीत फलक लावला. तेवढ्याने भागेना, तेव्हा येईल त्याच्या हातावर बत्तासा ठेवायला लागला. पोरं चार-चारदा रांगेत उभी राहिली. तरी संध्याकाळी डबे जिथल्या तिथे, आणि गर्दी मात्र बोळातल्या म्हाताऱ्या घाणेवाल्याकडे!

कासारणीला राहवेना. एका घरी बांगड्या भरताना तिने विचारलंच, "काय गं, नव्या दुकानाचा ढोल ऐकला नाहीस?"

"ऐकला की! फलकही बघितला. बत्तासाही खाल्ला."

"मग तेल बोळातून का आणलंस?"

बाई हसली. "अहो मावशी, त्याच्या तेलात करंजी हलकी होते, असं तुम्हीच नाही का सांगितलंत?"

दुसऱ्या घरी तेच उत्तर, तिसऱ्या घरीही तेच. कासारीण चकितच झाली. एवढ्या ढोलाला जमलं नाही ते आपण सहज बोललेल्या शब्दाने झालं? तिला मोठी गंमत वाटली आणि थोडी ऐटही आली.

ही गोष्ट फिरत फिरत व्यापाऱ्याच्या कानावर गेली. तो मोरपंखी रंगाची जरीची साडी घेऊन तिच्या दारात हजर झाला.

"मावशी, बांगड्या भरता भरता माझ्या तेलाचं कौतुक करायचं, बस."

"पण शेठ, तुमचं तेल मी अजून कढईत घातलेलं नाही."

"दिवाळी चार दिवसांवर आली. तळून बघत बसाल तर गिऱ्हाईक जाईल ना!"

जरीचा काठ कासारणीच्या बोटांना सोडवेना. शिवाय आपल्या शब्दाने खरंच दुकान भरतं का, हेही तिला बघायचं होतं. ती हो म्हणाली.

दुकान भरलं. दोन दिवसांत डबे रिकामे झाले. कासारणीच्या शब्दावर एक डबा पेठेतल्या एका नव्या सुनेने नेला. सासरची तिची पहिलीच दिवाळी होती, सगळा फराळ एकटीने करायचा होता.

पण तेलात जुनं, खवट तेल मिसळलेलं होतं. दोन दिवसांत चकल्यांना वास यायला लागला. सासूने शेजारी ताटं पाठवायचं बंद केलं आणि सुनेशी बोलणंही. ती पोर स्वयंपाकघरात तोंड लपवून रडली.

कासारीण दिसल्यावर तिने हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही तळून बघितलं होतं ना?"

"नाही गं," कासारीण म्हणाली. तिला मान वर करवेना.

तिने साडी परत केली. सासूला आणि मग साऱ्या पेठेला खरं ते सांगितलं. तिला कुणी टाकून बोललं नाही.

पुढच्या दिवाळीत ती त्याच सुनेला बांगड्या भरायला बसली. हौसेने म्हणाली, "तेल बोळातूनच आण हं. या खेपेला मी स्वतः तळून बघितलंय."

"बरं मावशी," सून गोड हसली. मग एक हात तिच्या हातात तसाच ठेवून तिने खिडकीतून शेजारणीला हाक मारली, "काकू, यंदा तेल कोणाकडचं चांगलं आहे हो?"

तात्पर्य: लोक ढोल ऐकून बाजारात येतात, पण घेतात ते विश्वासाच्या माणसाचं ऐकून. तो विश्वास एकदा विकला, की खरं बोलूनही लवकर परत मिळत नाही.