पहाटेचा नगारा

एका राज्यात राणीच्या आधी राणीचे काळीज जागे होत असे. राणीचे नाव सुवर्चा. वडिलांच्या मागे ती गादीवर बसली आणि त्याच दिवसापासून तिच्या पहाटेला ग्रहण लागले. डोळे उघडण्यापूर्वीच छातीत नगारा वाजू लागे. दातखीळ बसे, मान आखडे, पोटात गोळा उठे आणि तळवे ओढ्यातील दगडांसारखे गार पडत. शत्रू कोठे नसे, आग लागलेली नसे. तरीही सर्वांग पळण्याच्या तयारीत थरथरत असे.

राजवैद्यांनी काढे दिले, ज्योतिष्यांनी शांती केली. नगारा थांबला नाही.

त्या राज्याची रीत अशी होती, की विजयादशमीच्या सूर्योदयी राज्यकर्त्याने देवघरातील दीप उघड्या तळहातावर घेऊन महाद्वारापर्यंत चालत जावे. दीप तेवत राहिला तर राज्य त्याचे. विझला तर गादी पुढील वारसाची. पुढील वारस होते राणीचे चुलते दुर्जयसिंह. शेजारच्या राज्यावर चालून जाण्यासाठी त्यांनी भाल्यांना आधीच धार लावून ठेवली होती. कोणत्या घरातील कोणता मुलगा आघाडीला धाडायचा, हेही त्यांनी मनात ठरवले होते.

"सुवर्चे, तुझा हात फार कापतो," ते भर दरबारात म्हणाले. "नववधूचा हात कापला तर शोभून दिसतो, राज्यकर्त्याचा नाही."

"काकामहाराज, दीप अजून माझ्या हातात यायचा आहे," राणी म्हणाली. "आल्यावर बोलू."

दरबार उठला. तेव्हा गवाक्षात बसलेली साळुंकी बोलली.

"महाराणी, काढ्याने नगारा थांबत नसतो. ज्याचा नगारा, त्याला विचारा."

"कोणाचा आहे?"

"मांत्रिक वज्रदंताचा. शत्रूने कधी बेसावध गाठू नये, म्हणून आपल्या तीर्थरूपांनी त्याच्या खजिन्यातून तो सोन्याचा नगारा लुटून आणला. लुटीबरोबर शापही आला. आपल्या शय्येखालच्या तळघरात तो ठेवलेला आहे."

"हे तू आधी का सांगितले नाहीस?"

"मी रोज पहाटे येत होते. आपण डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेल्या असायच्या. पांघरुणाशी मी बोलत नाही."

राणी त्याच दिवशी वज्रदंताच्या डोंगराकडे निघाली. शिखरावर वज्रदंत दोरीवर ढग वाळत घालीत होता.

"तुझा नगारा परत घे," राणी म्हणाली.

"पळवलेली वस्तू मी परत घेत नाही. तीन कामे कर, शाप उतरेल."

"शत्रू नसताना तो का वाजतो?"

"तुझ्या बापाने त्याला घरातून ओढून नेले. तेव्हापासून तो भेदरला आहे. भेदरलेल्या पहारेकऱ्याला सावलीतही सैन्य दिसते."

पहिले काम असे होते: पायथ्याच्या झऱ्याचे पाणी तोंडात धरून शिखरावर आणायचे, गिळायचे नाही, सांडायचे नाही. राणीने दात आवळले, झपाट्याने चढ घेतला आणि अर्ध्या वाटेवर धाप लागून सारे पाणी सांडले. ती खाली उतरली, पुन्हा निघाली, पुन्हा सांडले. पुढच्या खेपेस तिने जबडा सैल सोडला. श्वास नाकाने, सावकाश. आणि जेवढा श्वास, तेवढीच चाल. पाणी शिखरावर पोहोचले.

"राणीला चालायला शिकवावे लागले," मांत्रिक म्हणाला.

राणीच्या तोंडात पाणी होते, म्हणून तो उत्तरातून वाचला.

दुसरे काम हिमपक्ष्याच्या अंड्याचे. ते पहाटे तळहातावर धरून उबवायचे होते. पहाट झाली, छातीत ठोके उसळले आणि राणीची मूठ आपोआप वळली. कवचाला तडा गेला.

"संपले!" राणी ओरडली.

"तडा गेला आहे, फुटलेले नाही. धर."

राणीने एकेक बोट उलगडले. ठोके पडतच होते. तिने ते पडू दिले, बोटे मात्र उघडी ठेवली. हळूहळू तळव्यात ऊब आली, आणि त्याच तड्यातून चोच बाहेर आली.

"तिसरे काम तुझ्या घरी आहे," मांत्रिक म्हणाला. "नगाऱ्याला गप्प कर. फोडायचा नाही, झाकायचा नाही."

विजयादशमीची पहाट झाली. राणी तळघरात उतरली. नगारा आपणहून घुमत होता आणि त्याच्या प्रत्येक टोल्याला तिच्या छातीत ठोका पडत होता.

"मागचे दार उघडे आहे," साळुंकी म्हणाली.

"असू दे."

तटावरच्या पहारेकऱ्याने नगारा वाजवून इशारा दिला, म्हणजे नायकाने त्याच्यापाशी जाऊन तो ऐकून घ्यायचा आणि पहारा आपल्याकडे घ्यायचा. तोवर पहारेकरी हात थांबवीत नाही, असा किल्ल्याचा नियम होता. या नगाऱ्यापाशी आजवर कोणी गेलेच नव्हते. वडिलांनी त्याला तळघरात कोंडले होते, तिने पांघरूण ओढले होते. राणी पुढे झाली आणि तिने आपला गार तळवा त्याच्या कातड्यावर ठेवला.

"काय दिसते?"

"शत्रू!" नगारा गरजला.

"कोठे?"

"उत्तरेला!"

"उत्तरेला धुके आहे. मी पाहून आले."

"पूर्वेला!"

"पूर्वेला तांबडे फुटते आहे."

नगारा चाचरला. "मग मी कशाला वाजतो आहे?"

"आजचा दिवस अवघड आहे म्हणून. ते मलाही ठाऊक आहे. तुझे ऐकले. आता पहारा माझ्याकडे."

टोले विरळ झाले, मंदावले, श्वासाएवढे झाले आणि थांबले. शाप उतरला. सोन्याचा नगारा साध्या लाकडाचा झाला.

सूर्योदयी राणीने दीप तळहातावर घेतला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रजा श्वास रोखून उभी होती.

"अजून कापतो आहे हात!" दुर्जयसिंह म्हणाले.

"कापतो आहे, काकामहाराज," राणी चालता चालता म्हणाली. "आपण वाट सोडा."

ज्योत लवली, सरळ झाली, पुन्हा लवली. राणीने चाल श्वासावर ठेवली आणि दीप महाद्वारापाशी तेवत पोहोचला. दुर्जयसिंहांनी मुजरा केला. भाले शस्त्रागारात परत गेले.

राज्य राणीचे राहिले, शेजार शेजाऱ्यांचा राहिला. ज्या मुलांना त्या दिवशी लढाईला निघावे लागले असते, ती सीमोल्लंघनाला निघाली, पलीकडच्या वेशीवर आपट्याची पाने वाटून आली आणि जेवणाच्या वेळेला आपापल्या घरी पोहोचली.