टाक्यावरची साय

फार पूर्वी, पाणी बाटलीत कोंडून विकायची अक्कल माणसाला यायची होती तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. झऱ्याचं पाणी वाळूने भरलेल्या दगडी टाक्यात पडे आणि झिरपत झिरपत खालच्या कुंडात उतरे. काय गोड पाणी ते! शेतातून येणारी माणसं भांड्याची वाट न बघता ओंजळीनेच पीत.

टाक्यातल्या वाळूवर एक हिरवट, बुळबुळीत थर असे. गाव त्याला साय म्हणे. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई, "कुंडातलं पाणी हवं तेवढं घे, पण वरच्या सायीला हात लावायचा नाही."

एकदा दवंडी पिटली गेली. राजा गावं बघायला निघालाय. सर्वांत चकचकीत गावाच्या पाटलाला मानाचा फेटा!

पाटील टाक्यापाशी गेला आणि त्याने नाक मुरडलं. "हा राडा राजाला दाखवू? खरवडून काढा!"

पाटलीणबाई म्हणाली, "अहो, लेक बाळंतपणाला आलीय. हेच पाणी पितेय ती. वाडवडिलांनी ही साय उगीच जपली का?"

"वाडवडिलांना कुणी फेटा देत नव्हतं!"

गडी टाक्यात उतरले. थर खरवडला, वाळू धुऊन पांढरी केली. राजा आला, "वा!" म्हणाला, पाटलाला फेटा बांधला आणि स्वतःच्या चांदीच्या सुरईतलं पाणी पिऊन निघून गेला. गावचं पाणी त्याने ओठालाही लावलं नाही.

थोड्याच दिवसांत घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पाटलाची लेक अंथरुणाला खिळली.

वैद्य आला. टाकं बघून भडकला. "पाटील, पहारेकरी हाकलून दरवाजा रंगवलात की हो! त्या सायीत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. पाण्यातल्या रोग पसरवणाऱ्या जिवांना तेच खाऊन टाकतात."

"मग आणा की ते परत! काय लागेल ते देतो."

"हुकूम सोडला म्हणून साय धरत नसते. तिच्या कलाने धरेल. तोवर पाणी उकळून प्या."

पाटील स्वतः लाकडं फोडू लागला, पाणी उकळू लागला, लेकीला घोटघोट पाजू लागला. लेक वाचली. बाळ जन्माला आलं, हडकुळं, पण रडायला खणखणीत.

एके सकाळी लेकीने पेला बाजूला सारला. "बाबा, याला धुराचा वास येतो. आपलं पाणी द्या ना."

पाटील टाक्यापाशी जाऊन उभा राहिला. वाळू अजून पांढरीशुभ्रच होती.

तात्पर्य: आपल्याला जगवणारं सगळंच दिसायला चकचकीत नसतं. उमगत नाही म्हणून ते खरवडून टाकू नये.