सतरा नंबरची शांतता

"पण बाई, दाह शून्यावर आला, याहून अजून काय हवं?"

देवदत्त उकिडवेच्या एका हातात बांधून आणलेला प्रबंध होता, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. पाच वर्षं खपून त्याने एकामागून एक सतरा रसायनं बनवली होती. उंदराच्या संरक्षक पेशींना चिथावलं, की त्या दाहाचं द्रव्य सोडतात आणि तपासणीत पाणी गुलाबी होतं. सतरा नंबर घातल्यावर पाणी नितळ राहिलं. संधिवातावर औषध सापडलं, असं त्याने गावी कळवूनही टाकलं होतं. आता फक्त त्याच्या मार्गदर्शक टिपणीसबाईंची सही हवी होती.

बाईंनी पेढा घेतला. प्रबंध घेतला नाही.

टेबल पुसायच्या स्पिरिटची बाटली तेवढी पुढे सरकवली.

"याला अठरा नंबर दे. तीच तपासणी कर."

"बाई, हे स्पिरिट आहे."

"माहीत आहे. मीच मागवलंय."

देवदत्तला अपमान वाटला. पण सही बाईंची होती...

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा तो तोंड पाडून बसला होता.

"काय झालं?"

"पाणी नितळच राहिलं."

"म्हणजे अठराही औषधच. वाट पेढे."

शेजारच्या टेबलावर आम्ही बाईंचे बाकीचे विद्यार्थी माना खाली घालून हसू दाबत होतो. खरं सांगायचं तर बरंच वाटत होतं. गेले आठ दिवस तो आमच्याशी डॉक्टरसाहेब होऊनच बोलत होता.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं.

देवदत्तने अठराच्या पेशी पाहिल्या. मग, कुणी न सांगता, सतराच्या.



"बाई... सगळ्या मेल्यात."

"कुठल्या?"

"दोन्हीकडच्या."

आता मात्र आमचं हसू पळालं. पाच वर्षं आमचीही चाललीच होती.

"टाकून देऊ सतरा नंबर?"

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"मात्रेचा दहावा हिस्सा घालून बघ. आणि आधी पेशींना हाक मार, जिवंत आहेत का. ओ आली, तर मग विचार, राग गेला का."