घरच्या गाडीचा कॅमशाफ्ट

“मग कोणता बसवू, वस्ताद? एकच सांगा. हा, का तो?”

दस्तगीर वस्ताद चहा पीत होते. बशीतला शेवटचा घोट संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

शीतल चौगुलेला तेवढाही धीर नव्हता. बारशाला आत्यानं काय बघून हे नाव ठेवलं, देव जाणे. बसला की पाय हलवायचा, उभा राहिला की किल्ली वाजवायचा. इंजिनाचं काम तो कोल्हापुरात वस्तादांच्याच हाताखाली शिकला. आता शिरोलीला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. शर्यतीच्या मोटारसायकली बांधाव्यात तर शीतलनं, असं लोक म्हणायचे, आणि लोक असं म्हणतात हे त्याच्या चालण्यातही दिसायचं.

आज मात्र तो घरची गाडी घेऊन वस्तादांच्या गॅरेजात आला होता. उंच, पेट्रोलवरची, सगळं कुटुंब सामानासकट मावेल अशी.

समोरच्या फळीवर दोन कॅमशाफ्ट ठेवले होते. इंजिनानं श्वास किती घ्यायचा आणि किती वेळ घ्यायचा, हे हा दांडा ठरवतो. तो फिरतो तसे त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात.

वस्तादांनी पहिला उचलला. उंचवट्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

“ह्यो शर्यतीचा.”

“व्हय. काय ताकद देतोय, वस्ताद! गाडी नुसती उडंल.”

“मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली ह्यो झोपलेला असतोय. घाटात तू कितीवर चालवतोस?”

“दोन... अडीच हजार.”

“मग?”

“मग चार हजारावर चालवीन.”

“मागं लेकरू झोपलेलं असताना?”

 किल्ली तेवढी वाजत राहिली.

वस्तादांनी दुसरा उचलला. दाराकडे तोंड करून, उजेडात, सावकाश फिरवून पाहिला.

“ह्यो शाणा हाय. खालपासनं ओढंल. भरल्या गाडीला असाच पायजे.”

“म्हणजे हाच ना? मग लगेच खोलतो. संध्याकाळपर्यंत बसवून टाकू.”

“उतावळा नवरा...” वस्ताद म्हणाले आणि पुढचं गुडघ्याचं त्यांनी गिळून टाकलं. “घाई कसली हाय?”

“निपाणीला जायचंय. पद्मजाला आणायला.”

“माहेरी गेली व्हय?”

“गेली...”

मग शीतल बोलायला लागला. बोलताना फळीपासून दारापर्यंत जायचा आणि परत यायचा.

“कोकणातनं परत येत होतो. आंब्याच्या घाटात पुढं टँकर. चालतोय बैलगाडीसारखा. वळणावर मी बाहेर काढली. निम्म्यात गेलो आणि गाडीनं मान टाकली. समोरनं बस! कसाबसा ब्रेक मारून आत घेतली. वीतभर अंतर राहिलं असंल.”

“मग?”

“मग काय... घर येईस्तोवर ती एक शब्द बोलली न्हाई. तवापासनं गाडीत पाय ठेवला न्हाई तिनं. तिचा भाऊ आला आणि मोटारसायकलवरनं तिला न् पोरीला घेऊन गेला. परत कवा येणार, सांगत न्हाई. फोन केला तर पोरगीच बोलती.”

तो थांबला. पुन्हा चालायला लागला.

“गाडीत दम असता तर टँकर तवाच मागं पडला असता. ही वेळच आली नसती. आता दम घालतो. घाटात नेऊन दाखवतो तिला. मग बसंल की नाही?”

शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज चिरकला. हा माणूस बायकोवाचून कासावीस झाला होता. ती परत येणारच नाही अशी धास्ती त्यानं घेतली होती, आणि त्या धास्तीनं त्याला कुठंच टेकू दिलं नव्हतं. राग यावा असं त्याचं वागणं होतं, पण त्या क्षणी वस्तादांना त्याची कीव आली.

वस्तादांनी कॅमशाफ्ट खाली ठेवला.

“चालू कर गाडी. ऐक.”

ही तिथली रीत होती. कोणतंही इंजिन उघडायच्या आधी ते ऐकायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. ऐकून आत काय चाललंय ते सांगता आलं तरच पान्याला हात लावायचा. पुढं कितीही मोठा झालेला शिष्य असला तरी ही रीत त्याला चुकत नसे.

शीतलनं गाडी चालू केली. बॉनेट उघडलं, वाकला, मूठ कानाला लावली. डोळे मिटले. आल्यापासून पहिल्यांदाच त्याचे पाय स्थिर झाले.

“तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट... केसभर ढिला. चालंल अजून.”

“अजून?”

“पंख्याचा पट्टा जरा कोरडा बोलतोय. त्यातबी काय न्हाई.”

“अजून?”

“बाकी इंजिन ठणठणीत हाय, वस्ताद.”

वस्ताद हसले. मनापासून हसले.

“काय कान हाय लेका तुझा! मी शिकवलं त्याच्या पुढं गेलास.”

शीतल खुलला. वस्तादांच्या तोंडून कौतुक म्हणजे वाळूतून तेल. त्यानं हात पान्याकडे नेला.

“टँकरच्या बाहेर गाडी काढलीस,” वस्ताद म्हणाले, “तवा इंजिन काय म्हणत हुतं?”

“तिसऱ्या गिअरात होतो. अडीच हजाराला घरघर सुरू झाली. दुसरा टाकला तशी किंचाळली, पण ओढंना. वास आला क्लचचा. सगळं ध्यानात हाय.”

“आणि पद्मजा काय म्हणत हुती?”

“...कवा?”

“तवाच.”

शीतलचा हात पान्यावर तसाच राहिला.

“काय तरी म्हणत होती. थांबा म्हणाली असंल.”

“असंल?”

इंजिन एका लयीत चालू होतं.  टँकरच्या मागची अक्षरं शीतलला आठवली. बसचा हॉर्न आठवला. शेजारच्या सीटवरून आलेला आवाज मात्र काही केल्या आठवेना. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला.

“मला... आठवत न्हाई, वस्ताद.”

 खिडकीतून हात घालून वस्तादांनी गाडी बंद केली. दोन्ही कॅमशाफ्ट कागदात गुंडाळून फळीच्या कडेला सारले.



“जातो मी,” शीतल म्हणाला. “आत्ताच जातो निपाणीला. विचारतो तिला.”

तो दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर अडखळला आणि मागं वळला. सवय अशी लगेच सुटत नाही.

“आणि गाडीचं, वस्ताद?”

दस्तगीर वस्तादांनी बॉनेट हलकेच खाली आणलं.

“गाडीला काय झालंय?”