हातोडीच्या उत्तरपूजेची कहाणी

ऐक काळिकामाय, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. हातातलं काम टाकू नका, करता करता ऐका.

एक होतं आटपाट नगर. त्यात तांबटांची आळी होती. दिवस उगवायच्या आधी आळी उगवे. घरोघर तांब्यावर ठोके पडत. परका माणूस आला तर कानांवर हात ठेवी. आळीतलं तान्हं मूल मात्र त्याच आवाजात झोपी जाई, आणि ठोके थांबले की जागं होई.

त्या आळीत सोनबा तांबट राही. घरात त्याची बायको ठकू, आणि त्याची म्हातारी आई बयाबाई. ठकू तिला आत्याबाई म्हणे. सोनबा मोठे हंडे घडवी, कढया घडवी. लहान तांबे ठकूकडे. घडवलेल्या तांब्याच्या अंगावर ती हातोडीचे बारीक ठसे उठवी, एकाला एक लागून, गळ्यापासून बुडापर्यंत. याला मठारणं म्हणतात. त्यानं भांडं घट्ट होतं, उन्हात धरलं तर झळाळतं. ठकूचा एक ठसा दुसऱ्यावर चढायचा नाही, दोहोंत फट राहायची नाही. तांब्या झाला की ती बोटाच्या पेरानं वाजवून बघे. खणकन बोलला तर चांगला. बद्द बोलला तर कुठंतरी चीर. डोळ्यांना चीर दिसो न दिसो, ठकूच्या कानाला कळे. तिचा तांब्या सारं नगर ओळखी. ठकूला त्याचा अभिमान होता. का नसावा?

मग एके वर्षी काय झालं? राजानं वेशीबाहेर भांड्यांचा कारखाना काढला. एका अंगानं पोलादाचा पत्रा आत जाई, दुसऱ्या अंगानं भांडं बाहेर येई. हलकं, चकचकीत. त्याला कल्हई नको, घासायला चिंच नको. नगरच्या बायांनी तांब्याचे हंडे माळ्यावर टाकले. आळीतले ठोके एका घरी थांबले, दुसऱ्या घरी थांबले, तिसऱ्या घरी थांबले.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. सोनबानं आजाच्या वेळची हातोडी पाटावर ठेवली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. काळिकामायला म्हणाला, "ये, बैस." त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, अशी रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता वाहायच्या, हत्यार जरासं जागचं हलवायचं. ही उत्तरपूजा. ती झाली की पूजा उठली, मग हत्यार हातात घ्यायचं.

पण दुसऱ्या दिवशी काम कुठं होतं? सोनबा म्हणाला, "राहू दे पाटावर. काम आलं की उठवू." दसरा झाला, दिवाळी झाली, संक्रांत झाली. पूजा उठली नाही. सोनबा रोज ताजं फूल वाही, आणि ओट्यावर जाऊन बसे. फुलांखाली कुंकू साचलं. कुंकवाखाली हातोडीला गंज चढला.

घरातलं धान्य सरत आलं. ठकूनं पदर खोचला, काम शोधायला निघाली. आधी राजाच्या कोठारावर गेली. कोठारी म्हणाला, "काय येतं?" ठकू म्हणाली, "मठारकाम येतं." कोठारी म्हणाला, "बाई, गव्हाला ठसे उठवायचे नाहीत, पाखडायचा आहे." मग शिंप्याच्या दुकानी गेली. शिंपी म्हणाला, "काय येतं?" ठकू म्हणाली, "मठारकाम येतं." शिंपी म्हणाला, "आमच्या सुईला हातोडी सोसत नाही." मग कारखान्याच्या दारी गेली. मुकादम म्हणाला, "काय येतं?" ठकू म्हणाली, "मी सोनबा तांबटाची ठकू. मला काय येतं हे नगराला विचारा." मुकादम म्हणाला, "नगर आमच्याकडून भांडी नेतं, बाई. नगराला काय विचारू?"

ठकू घरी आली. पायांवर पाणी घेतलं, चुलीपाशी बसली. त्या तिघांनाही ती म्हणू शकली असती, हे मला येत नाही, शिकवा. पण ते शब्द तोंडातून निघेनात. आळीत ते कधी कोणी कोणाला म्हटलेच नव्हते.

मग एके मंगळवारी दारात एक म्हातारी आली. काळीसावळी, कपाळभर कुंकू. हातात पोचा पडलेला तांब्या. म्हणाली, "बाई, एवढा पोचा काढून दे." ठकूनं तांब्या हातात घेतला. तिच्याच हातचा निघाला. तिला बरं वाटलं. म्हणाली, "काढते, आजी. पण हातोडी पूजेत आहे. काम आलं की उठवायची आहे." म्हातारी म्हणाली, "मग मी काय आणलं आहे?" सोनबा ओट्यावरून म्हणाला, "एका पोच्यासाठी आजाची हातोडी उठवायची? मोठं काम येऊ दे." म्हातारी गेली.

दुसऱ्या मंगळवारी परत आली, सोनबा तेच म्हणाला. ती तिसऱ्या मंगळवारी आली, तेव्हा सोनबा नदीवर गेला होता.

म्हातारी आत आली. पाटासमोर बसली. म्हणाली, "इथं कोणाला बसवलं आहेस?"

ठकू म्हणाली, "काळिकामायला."

"बसवलंत, बरं केलंत. उठवलंत कधी?"

म्हातारीच पुढं म्हणाली,

"पाहुणी घरी आणावी, पाटावर बसवावी, आणि ऊठ म्हणूच नये. मग तिनं काय करावं? तिला तुझ्या हातात यायचं आहे, आणि तुम्ही तिला गंजात कोंडून ठेवली आहे. रोज वर फूल."

ठकूच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाली, "आजी, चुकले. यावर काही वसा असेल तर सांग."

म्हातारी म्हणाली, "वसा सांगेन, पण तुला झेपायचा नाही. तू मानी."

ठकू म्हणाली, "मानी आहे. म्हणूनच घेतला वसा टाकायची नाही."

म्हातारी हसली. म्हणाली, "तर ऐक. मंगळवारी जुन्या हत्याराला अक्षता वाहाव्या. जागचं हलवावं. म्हणावं, हातोडीतून ऊठ माय, हातात ये. मग ज्याला जे येतं त्याच्यापाशी जावं. हे मला येत नाही, शिकवा, असं म्हणावं. शिकवणारा लहान असला तरी वाकून नमस्कार करावा. शिकलेलं दुसऱ्या एकीला सांगावं. आलं म्हणून उतू नये, नाही आलं म्हणून बसू नये. पुढली खंडेनवमी येईतो असं करावं."

ठकूनं अक्षता वाहिल्या. हातोडी हलवली. राखेनं गंज काढला. तांब्या मांडीशी घेऊन पोचा काढला. पेरानं वाजवला, खणकन बोलला. वर बघते तर म्हातारी नाही. दारात नाही, आळीत नाही. तांब्या तेवढा राहिला.

सोनबा परत आला. रिकामा पाट पाहिला. म्हणाला, "कोणाला विचारून पूजा उठवली?"

आत्याबाई आतून म्हणाल्या, "मला विचारून. तुझ्या आजानं हातोडी खाली ठेवलेली मी बघितली नाही. जेवतानासुद्धा मांडीखाली असायची. तू तिला फुलांत निजवलीस."

सोनबा ओट्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ठकू कारखान्याच्या दारी गेली. मुकादम म्हणाला, "परत आलात? आता काय येतं?" ठकूची जीभ जड झाली. पण वसा आठवला. म्हणाली, "मठारकाम येतं. यंत्र येत नाही. शिकवाल तर शिकेन." मुकादम म्हणाला, "हे तेव्हाच म्हणायचं होतं." त्यानं तिला शेवंताच्या हाताखाली दिली.

शेवंता यंत्र चालवी. वयानं ठकूच्या निम्मी. ठकू तिच्यापुढं वाकली. शेवंता म्हणाली, "अगं बाई, काकू, वाकता काय? सरका मागं, पत्रा पायावर पडेल." पहिल्या दिवशी ठकूनं तीन भांडी वाकडी काढली. शेवंता म्हणाली, "मी सात काढली होती."

मग मंगळवारामागून मंगळवार गेले. ठकू पत्रा लावायला शिकली, कळ दाबायला शिकली, यंत्रावरचा काटा वाचायला शिकली. जे शिके ते संध्याकाळी आळीतल्या बायांना सांगे. चुलीत लाकूड आलं, डब्यात पीठ आलं. सोनबा ओट्यावर बसे. ती वाढी, तो जेवी, बोलत नसे.

मग राजाच्या मुलीचं लग्न ठरलं. कारखान्याला सांगणं आलं, शंभर मोठ्या कढया, पाचशे पातेली. मागल्या सणाला काही भांडी गळली होती. राजा म्हणाला, "या वेळी मांडवात एक भांडं गळलं, तर कारखान्याला कुलूप." मुकादमाचं तोंड उतरलं. भांडी तर सगळी सारखीच चकचकीत. गळकं कोणतं, ओळखावं कसं?

ठकू पातेली रचत होती. सवयीनं एकेक पेरानं वाजवी. खण, खण, बद्द. म्हणाली, "हे फुटकं आहे."

मुकादम म्हणाला, "कुठं फुटकं? मला दिसत नाही."

"मलाही दिसत नाही. पाणी भरा."

पाणी भरलं. सगळे वाकून बघत राहिले. थोड्या वेळानं बुडाशी मोहरीएवढा थेंब आला. दुसरं एक बद्द वाजलं, पाणी भरलं, थेंब आला. तिसरं वाजलं, तेव्हा मुकादम म्हणाला, "पाणी राहू द्या. बाई सांगतील ते खरं." ठकूनं पाचशे पातेली कानानं निवडली.

मग मुकादमानं कढया दाखवल्या. ठकूनं एक वाजवली, दुसरी वाजवली. सगळ्या बद्दच बोलल्या. तिनं जन्मभर लहान तांबे मठारले होते, मोठं भांडं तिचं नव्हतं. मुकादम म्हणाला, "कळतं ना यांतलं?" सगळे तिच्याकडे बघत होते. नुसती मान हलवली असती तरी कोणी विचारलं नसतं.

ठकू म्हणाली, "हे मला येत नाही. ज्यांना येतं त्यांना विचारून येते."

ती घरी आली. सोनबा ओट्यावर होता. ठकू त्याच्यापुढं वाकली. म्हणाली, "अहो, मोठ्या कढईचा नाद कसा ओळखायचा? हे मला येत नाही. शिकवा."

सोनबा म्हणाला, "कढई ठेवली कुठं होती?"

"जमिनीवर."

"मग ती काय बोलेल? जमीन तिचा आवाज गिळते. टांगावी लागते. काठाखाली चार बोटं सोडून हलकेच लाकडानं..." त्यानं हवेत हात उचलला, थांबला, उठून उभा राहिला. "सांगून कळायचं नाही. चल, दाखवतो."

"कुठं?"

"कढया आहेत तिथं."

आत्याबाईंनी त्याची टोपी झटकून पुढं केली.

सोनबा कारखान्यात गेला. शंभर कढया टांगल्या, शंभर वाजवल्या. ठकूनं शेजारी उभं राहून ऐकलं. पन्नासाव्या कढईपासून तो बोलायच्या आधी ती सांगू लागली. शंभरांत सात बद्द निघाल्या. त्या बाजूला केल्या. शेवंतानं नव्या सात काढून दिल्या, त्याही वाजवून घेतल्या.

लग्न झालं. सारं नगर जेवलं. एक भांडं गळलं नाही. राजा कारखान्यात आला. म्हणाला, "भांडी कोणी पारखली?" मुकादमानं ठकूला पुढं केलं. राजा म्हणाला, "माग, काय हवं?"

ठकू ताठ उभी राहिली. म्हणाली, "आमच्या आळीला कान आहे, तुमच्या कारखान्याला यंत्र आहे. आळीला यंत्र शिकवा. तुमच्या माणसांना कान आम्ही शिकवू. म्हणजे कोणाचे हात रिकामे राहणार नाहीत."

राजानं ऐकलं. आळीतली माणसं कामावर आली. सोनबाही आला. पहिल्या दिवशी यंत्रापुढं उभा राहून कान खाजवत शेवंताला म्हणाला, "मुली, हे मला येत नाही." शेवंता म्हणाली, "काका, तुमच्या घरात हे वाक्य फार चालतं." सोनबा हसला. आळीतल्या लोकांनी सांगितलं, वर्षात पहिल्यांदा हसला.

मग पुन्हा खंडेनवमी आली. ठकूनं पाट मांडला. पाटावर आजाची हातोडी ठेवली. शेजारी म्हातारीचा तांब्या ठेवला. कारखान्यातून आणलेला पत्र्याचा तुकडा ठेवला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "एक हत्यार राहिलं. हात पुढं कर."

ठकूनं हात पुढं केला. आत्याबाईंनी तिच्या बोटाच्या पेराला कुंकू लावलं, वर झेंडूची पाकळी चिकटवली.

ठकू म्हणाली, "आत्याबाई, याची उत्तरपूजा कशी करायची?"

आत्याबाई म्हणाल्या, "सकाळी कामाला लागशील, तेव्हा होईल."

सकाळी दिवस उगवायच्या आधी ठकूनं अक्षता वाहिल्या, हातोडी हलवली, पूजा उठवली. आणि कामाला गेली.

काळिकामाय जशी ठकूच्या हातात आली, तशी तुमच्या आमच्या हातांत येवो. काम गेलेल्याला काम मिळो, न येणाऱ्याला शिकवणारा भेटो. साठा ठोक्यांची ही कहाणी, पाचा ठोक्यांत घडली, खणखणीत वाजली, सुफळ झाली.