तीन द्वारका आणि एक लेक

एकदा एक गाव पाण्याखाली गेलं आणि तीन गावं होऊन वर आलं.

गावाचं नाव द्वारका. आता डोंगराच्या बेचक्यात शेरडं राखणाऱ्यांच्या वस्तीला द्वारका नाव कशाला हवं? पण कुणा खापरपणज्यानं लांबच्या गावी कीर्तन ऐकलं होतं. बुवांनी सोन्याच्या द्वारकेचं असं काही वर्णन केलं की बाबा भाळलाच. घरी येऊन म्हणाला, आजपासून आपली वस्ती द्वारका. फक्त झालं काय, बाबाला लागली होती भूक. पंगतीत जागा धरायला तो कीर्तन संपायच्या आधीच उठला. त्यामुळं ती सोन्याची द्वारका शेवटी समुद्रात बुडाली, हे त्याला कळलंच नाही.

तर असं हे उसनं नाव. पिढ्यान्‌पिढ्या वापरून वापरून ते अंगाला बसलं, आपलंच वाटायला लागलं. मग खाली नदीवर धरण झालं. पाणी चढलं. लोकांनी भांडीकुंडी उचलली आणि वाट फुटेल तिकडं गेले. काही सडकेला जाऊन राहिले, काही टेकडीवर, काही माळावर. जाताना प्रत्येकानं गावाचं नाव तेवढं न विसरता नेलं. सडकेवाल्यांनी पाटी लावली, ‘मूळ द्वारका’. ती वाचून टेकडीवाल्यांनी लावली, ‘एकमेव मूळ द्वारका’. माळावरच्यांना रंगारी उशिरा मिळाला, त्यांनी लिहिलं, ‘हीच ती’.

राहिला गावदेवीचा पितळी मुखवटा. तो कुणी न्यायचा यावरून पाणी घोट्याला लागेपर्यंत भांडण चाललं. शेवटी ठरलं, की निकाल लागेस्तोवर मुखवटा आक्काकडं ठेवायचा. आक्का म्हणजे गावची जुनी सुईण. तिन्ही गावांतल्या निम्म्या माणसांची नाळ तिनंच कापलेली, त्यामुळं तिच्यापुढं कुणाची मिशी फार वळायची नाही. तिन्ही वाटा जिथं फुटतात त्या तिठ्यावर तिनं झोपडी घातली होती. झोपडीला पाटीबिटी काही नव्हती.

या द्वारकेची एक लेक होती, हौसा. लांबच्या मुलखात दिलेली. आईबाप मागंच गेले होते. गाव बुडालं तेव्हा ती सासरी नांदत होती, तिनं ते नुसतं ऐकलं. पुढं तिचा नवरा वारला. सासूनं चार दिवस डोळे पुसले आणि पाचव्या दिवशी हौसाच्या हातात गाठोडं दिलं.

“माहेर आहे ना तुला?” सासू म्हणाली.

“आहे की,” हौसा म्हणाली. “द्वारका.”

एसटीत बसली. कंडक्टरनं विचारलं, “कुठली द्वारका, बाई? तीन आहेत.”

“माझी,” हौसा म्हणाली.

गाडीतले लोक हसले. कंडक्टरही हसला आणि त्यानं तिला सडकेवरच्या द्वारकेला उतरवून दिलं.

तिथला पुढारी म्हणजे एक व्यापारी, मोठं दुकान मांडून बसलेला. हौसाला बघून तो गल्ल्यावरून उठला. “अगं हौसा ना तू? किती वाळलीस! बस, बस. मुक्काम किती दिवस?”

“आता इथंच, अण्णा.”

अण्णा पुन्हा गल्ल्यावर बसले. “असं. पण तुमचं घर खालच्या आळीत ना? खालची आळी सगळी टेकडीवर गेली बघ. तुझं गाव ते.”

हौसा टेकडी चढली. तिथला पाटील म्हणाला, “आळी इथं आली हे खरं. पण आळीचं काय करायचं? रक्ताचं माणूस बघावं लागतं. तुझा चुलता माळावर आहे. जा, तो वाटच बघत असेल.”

चुलता वाट बघत नव्हता. तो दाराच्या चौकटीत असा उभा राहिला की आतलं काही दिसू नये. आत भाकरीचा वास येत होता.

“हौसे,” तो गहिवरून म्हणाला, “अगं तू काय माझ्या एकट्याची आहेस? साऱ्या गावाची लेक तू. मी एकट्यानंच ठेवून घेतली तर बाकीच्यांना काय वाटेल? तू सडकेकडं जा. तिकडं घरं मोठी आहेत.”

दिवस कलताना हौसा तिठ्यावर आली. आक्का ओट्यावर लसूण सोलत होती.

“कुठली गं तू?”

“द्वारकेची.”

“कुठल्या?”

हौसानं गाठोडं खाली टाकलं आणि भोकाड पसरलं. सकाळपासून साठवून ठेवलं होतं.

आक्कानं सगळं ऐकलं. मग म्हणाली, “तीन-तीन माहेरं असलेली बाई आणि उपाशी! माझं बघ, एकही नाही, तर रोज जेवते. ऊठ. रडून झालं की पीठ मळ. रडत रडत मळू नकोस, भाकरी खारट होते.”

हौसा राहिली. पाणी किती ऊन ठेवायचं, आडवं आलेलं मूल पोटावरून हात फिरवून कसं वळवायचं, घाबरलेल्या पोरीला शिव्या कुठल्या द्यायच्या आणि गोंजारायचं केव्हा, सगळं ती आक्काकडं शिकत गेली. हात चांगला होता तिचा. पण एक होतं. गाठोडं काही तिनं सोडलं नाही. ते दारातच, उंबऱ्याला टेकून ठेवलेलं. कुठल्याही वाटेवर धुरळा उडाला की तिचं काम थांबायचं. काकाच असतील. मनात आलं असेल, पोरीला असं परत पाठवायला नको होतं. आता म्हणतील, चल पोरी, घरी चल. धुरळा तिठ्यावरून पुढं निघून जायचा आणि हौसा पुन्हा वाटण वाटायला लागायची.

आक्का एरवी आल्यागेल्या कोंबडीचीही थट्टा करणारी. पण त्या गाठोड्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. रोज ते ओलांडून आतबाहेर करायची.

चैत्र आला, जत्रा जवळ आली, आणि तिन्ही द्वारकांचे लोक तिठ्यावर जमले. सडकेवाले, टेकडीवाले, माळावाले. एवढी माणसं, की ओट्याचा कोपरा ढासळला.

“आक्का, आज निकाल द्या,” व्यापारी म्हणाला. “मूळ गाव कुठलं आणि मुखवटा कुणाचा?”

“मूळ गाव?” आक्का म्हणाली. “तुझी नाळ मी पुरली ती जागा आता माशांच्या ताब्यात आहे. मूळ हवं असेल तर बुडी मार.”

लोक हसले. व्यापारीही कसंनुसं हसला. पाटील म्हणाला, “थट्टा नको, आक्का. रीतीनं काय ते सांग.”

“रीतीनं? रीत तुम्हाला आठवतेय का? आपली देवी पुरुषाच्या मागं जात नाही. जत्रेला माहेरवाशीण पुढं चालायची आणि देवी तिच्या मागं. लेक ज्या घरात जाईल तिथं पहिली ओटी, तिथं देवी बसायची. खरं का खोटं?”

“खरं,” सगळे म्हणाले.

“मग आताही तसंच. लेक जाईल तिथं देवी जाईल.”

“आमच्याकडं लेकी रग्गड आहेत!” तिन्हीकडून ओरडा झाला.

“तुमच्या तुमच्या लेकी तुमच्या तुमच्या घरी जातील, मग मी तीन देवी कुठून आणू? जुन्या द्वारकेत जन्मली आणि अजून कुठल्याच द्वारकेत राहायला गेली नाही, अशी एकच आहे.” आक्कानं आत हाक मारली, “हौसा, बाहेर ये गं.”

हौसाच्या हाताला पीठ होतं. बाहेर सगळं ऐकू आलं होतं. ती दाराशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “आक्का, माझा तमाशा नको करू.”

“पदर नीट कर,” आक्का म्हणाली, आणि लोकांकडं वळली. “ही बघा. हिचं माहेर कुठलं?”

आणि काय सांगावं! सडकेवाले म्हणाले, आमचं. टेकडीवाले म्हणाले, खालची आळी आमच्याकडं, म्हणजे लेक आमची. व्यापाऱ्यानं पोराला दुकानाकडं पिटाळलं, तो धापा टाकत कागदात गुंडाळलेलं भरजरी लुगडं घेऊन आला. पाटलिणीनं गर्दीतून वाट काढून हौसाच्या कपाळाला कुंकू लावलं. “कुठं होतीस गं इतके दिवस? आम्ही डोळे लावून बसलो होतो!” आणि माळावरचा चुलता तर सरळ पुढं आला, हौसाचे पिठाचे हात आपल्या हातात घेतले आणि रडायला लागला.

“चल पोरी, घरी चल. तुझ्या काकूनं तुझ्यासाठी जागा सारवून ठेवलीय.”

खरे अश्रू होते. हौसानं बघितले ना. एवढं पाणी माणूस खोटं कुठून आणणार, तिला वाटलं. वर्षभर कानात घुमलेलं वाक्य आज समोर उभं होतं, अगदी तसंच, शब्दाला शब्द. ती मागं वळली आणि तिनं उंबऱ्याजवळचं गाठोडं उचललं.

“छान,” आक्का म्हणाली. “काकाच्या घरी निघाली म्हणा. एक सांगायचं राहिलं. लेक आज न्या. मुखवटा पुढच्या चैत्रात येईल. वर्षभर देवी बघेल, लेक नांदतेय की नाही. नांदली, तर येईल मागं.”

गर्दीचा आवाज असा बंद झाला, जसं कुणी गोंगाटावर झाकण ठेवावं.

“वर्ष म्हणजे फार होतं, आक्का,” पाटील म्हणाला.

“लेक काय नुसती एका सकाळची असते?”

पाटलाला आठवलं, की अशा गोष्टी मुहूर्त बघून केलेल्या बऱ्या. तो भटजींकडं जाऊन येतो म्हणाला. व्यापाऱ्यानं लुगडं पुन्हा कागदात घातलं. “जरा जडच झालं हे पोरीला,” तो म्हणाला. “हलकं बघून आणतो.” माणसं चपला शोधायला लागली. चुलता सगळ्यात शेवटपर्यंत थांबला. त्यानं हौसाचे हात आधीच सोडले होते, हाताला लागलेलं पीठ तो धोतराला पुसत होता.

“हौसे, तुझ्या काकूला एकदा विचारून येतो. म्हणजे कसं, बायकांचं सगळं असतं.”

“जागा सारवून ठेवलीय म्हणालात, काका.”

“हो, हो. सारवलीय. पण ती ओली असेल अजून.”

तोही गेला. तिन्ही वाटांवर धुरळा उडाला आणि बसला. हौसा गाठोडं घेऊन तशीच उभी होती. कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर ओघळलं होतं.

मग ती आक्कावर उखडली. “तुला ठाऊक होतं! तुला आधीपासून ठाऊक होतं, ते असंच करतील म्हणून. मग कशाला दाखवलंस मला? निदान वाटत तरी होतं, कुणी येईल!”

“म्हणून तर,” आक्का म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “हे बघ पोरी. नाव उचलायला हलकं असतं. पाटीवर लिहिलं की झालं. ते जेवायला मागत नाही, आजारी पडत नाही, कोपऱ्यात बसून रडत नाही. म्हणून नाव तिघांनी नेलं. गावात आणखीही सामान होतं. लेकीला खण, परक्याला पाणी, मेल्याला खांदा. ते जड होतं. ते कुणी उचललं नाही, ते खालीच राहिलं, तळाला. तू वर्षभर त्या तळाच्या गावाची वाट बघत बसलीस. ते कुठून येणार? त्याला पाय असते तर बुडलं असतं का?”

हौसानं नाकावरचं कुंकू पदरानं पुसलं.

“आणि दुसरं,” आक्का म्हणाली, “ते गाठोडं रोज ओलांडून माझे गुडघे गेले.”

हौसाला हसू आलं नाही. तिनं गाठोडं आत नेलं आणि चुलीपाशी बसून सोडलं. दोन लुगडी, फणी, आणि तळाशी घडी घातलेला एक खण. आईनं शेवटच्या भेटीत दिलेला. सासरी कधी शिवला नव्हता. माहेरी येईन तेव्हा याच खणानं देवीची ओटी भरीन, असं तिनं मनाशी धरलं होतं.

जत्रा झाली. एक नाही, तीन झाल्या. मुहूर्त बघायला गेलेले कुणी परत आले नाहीत. त्यापेक्षा तांबटाकडून नवा मुखवटा घडवून घेणं सोपं होतं. सडकेवाल्यांनी घडवला, मग टेकडीवाल्यांनी त्याहून मोठा, माळावाल्यांनी त्याहून मोठा. तिन्हीकडं ढोल वाजले, तिन्हीकडं पाटीखाली नवी ओळ रंगवली, ‘पुरातन देवस्थान’. लोक लांबून आले आणि नवस बोलून गेले. कुणाचं काही अडलं नाही.

तिठ्यावरही मिरवणूक निघाली. दारापासून चुलीपर्यंत. पुढं हौसा, मागं आक्का मुखवटा घेऊन, आणि ढोल आक्काच्या तोंडानं. हौसानं आईचा खण पसरला, तांदूळ घातले, ओटी भरली. तिचे डोळे कोरडे होते, पाऊलही चुकलं नाही.

पुढं आक्का गेली. मुखवटा चुलीशेजारच्या कोनाड्यातच राहिला आणि तिठ्यावर आता हौसा बाळंतपणं करते. आता तिथंही एसटी थांबते आणि नवी माणसं उतरून विचारतात, “बाई, खरी मूळ द्वारका कुठली हो?”

हौसा उलट विचारते, “नारळ वाहायचाय, की भाकरी हवीय?”

“नारळ.”

“मग तिन्ही खऱ्या. कुठंही जा, हात जोडून घेतील.”

मधूनच एखादी उतरते, जिच्याजवळ नारळ नसतो. प्रश्न ऐकून ती उत्तर देत नाही, नुसती छातीशी गाठोडं धरून उभी राहते. हौसा ओट्यावर जरा सरकून जागा करते.

“आत ठेव ते,” ती म्हणते. “दारात नको. पायात येतं.”