कुलूप लावलेली फाइल

“म्हणजे आता यातलं एक अक्षरही कोणाला बदलता येणार नाही?” राघोबुवांनी विचारलं.

“तुम्हालासुद्धा नाही, बुवा,” त्यांचा शिष्य विश्राम म्हणाला. आवाजात समाधान होतं.

मी तिथेच बसलो होतो. बुवांच्या मठातला तो जुना कॉम्प्युटर मीच नेऊन दिलेला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स बसवलं तेही मीच. माझं दुकान कुलपांचं आणि कड्या-कोयंड्यांचं. कॉम्प्युटर शिकलो तो खोलून आणि पुन्हा जोडून.

राघोबुवा गुरांची औषधं सांगत. ते तोंडी सांगत गेले आणि विश्रामने तीन वर्षं बसून सगळं टाइप केलं. मध्ये कोणाचा तरी हात लागून दोन पानं पुसली गेली, तेव्हा विश्रामने ती फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून टाकली. उघडा, वाचा, बदल करून जतन करायला गेलात की कॉम्प्युटर नाही म्हणणार.

त्या दुपारी ती पेन ड्राइव्हवर बारा गावांना जायची होती. त्याआधी बुवांनी ती मोठ्याने वाचायला लावली. ऐकायला ठकूबाई धनगरीण होती. सत्तरी उलटलेली, अक्षर ओळखत नाही, जन्म मेंढरांमागे गेलेला. जंतांच्या काढ्यापाशी तिने हात वर केला.

“ह्ये माप वासराचं हाय. कोकराला येवढं पाजलं तर ते उठायचं न्हाई.”

बुवांनी जरा आठवून पाहिलं. म्हणाले, बाई खरं बोलते, सांगताना माझीच गफलत झाली, तेवढं बदल.

विश्राम ऐकेना. आज हिचं ऐकलं तर उद्या दहाजण येतील, म्हणाला, आणि गुरूच्या तोंडचं मी बदलणारा कोण? शिवाय आता ते बदलतच नाही, असं म्हणून त्याने करूनही दाखवलं. माप बदललं, जतन करायला गेला आणि समोर पाटी आली: ही फाइल फक्त वाचण्यासाठी आहे.

त्यावर बुवांनी तो एका अक्षराचा प्रश्न विचारला होता.

उत्तर ऐकून ते विश्रामच्या खुर्चीपाशी आले.

“सरक,” म्हणाले.

खुर्चीत बसले. माउस धरला. फाइल ज्या फोल्डरात होती तो उघडला, फाइल ओढत कचरापेटीपर्यंत नेली आणि बोट उचललं.

गेली. कॉम्प्युटरने एका शब्दाने विचारलं नाही.

बुवा विश्रामकडे वळले.

“कुलूप होतं ना रे?”

“होतं... फाइलला होतं.”

“आणि फोल्डरला?”

“त्याला नाही लावलं.”

यात जादू काही नाही. फाइलमध्ये लिहू द्यायचं की नाही, हे फाइलच्या कुलपावर. ती जागेवरून उचलू द्यायची की नाही, हे फोल्डरवर. कुलपं विकता विकता माझे केस पिकले. गिऱ्हाईक कुलूप चारदा ओढून बघतं. कोयंडा कशात ठोकलाय ते कोणी बघत नाही.

“एक अक्षर घेत नव्हती,” बुवा म्हणाले. “आख्खी गेली तेव्हा हूं नाही की चूं नाही.”

मग त्यांनीच कचरापेटी उघडून फाइल जागेवर आणली. कुलूप शाबूत होतं. कोकराचं मापही तेच, चुकीचं.

बुवा उठले. विश्राम खाली मान घालून खुर्चीत बसला. फाइलचे गुणधर्म उघडले, लिहायची परवानगी दिली. माप ठकूबाईला दोनदा विचारून घेतलं, टाइप केलं, जतन केलं. या वेळी पाटी आली नाही.

“फोल्डरलाही कुलूप लावतो, बुवा,” तो हळूच म्हणाला.

“लाव की.”

“पण... तेवढ्याने राखण होईल?”

ठकूबाई काठी टेकून उठायला लागली होती.

“ठकूबाई, बसा,” बुवा म्हणाले. “हा पहिल्या पानापासून वाचतो. माझं जिथे चुकलं असेल, तिथे थांबवा.”